सोसायटीत फायबर आणायचंय : पाइप कुणाचा, काच कुणाची?

जिन्याखालचा सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची सोसायटी. तीन विंग, स्टिल्ट अधिक सात मजले, मजल्यावर चार घरं. म्हणजे विंगला २८ आणि एकूण ८४ फ्लॅट. ताबा २००४ चा. मी मागच्या वर्षीपासून सेक्रेटरी आहे. सभेला वीस मिनिटं उशिरा पोहोचलो, तोवर ठरून गेलं होतं.

प्रश्न इंटरनेटच्या वायरींचा आहे. आजवर जो आला त्याने गच्चीवर डबा ठोकला आणि पॅरापेटवरून वायर खाली सोडली. वायर खिडकीच्या स्लायडिंगच्या फटीतून घरात, त्यामुळे ती खिडकी कायमची अर्धा इंच उघडी. पाच जणांच्या वायरी आहेत, त्यातले दोघे धंदा बंद करून गेले, वायरी मात्र इथेच. उन्हाळ्यात रंगकाम काढलं तेव्हा झुल्यावरच्या पोराने ब विंगच्या दोन चालू वायरी मेलेल्या समजून कापल्या. एका घरात तेव्हा ऑनलाइन मुलाखत चालू होती. पुढचं सांगत नाही.

नवा रंग लागल्यावर कमिटीने ठरवलं की दर्शनी भिंतीवर आता एकही वायर नाही. ही बातमी कशी फुटली देव जाणे, पण आठवड्यात एका मोठ्या कंपनीचा माणूस हजर. अख्ख्या सोसायटीत फायबर फुकट टाकतो, ऑफिसला कनेक्शन फुकट, वर वर्षाला काही रक्कम सोसायटीला. अट एकच, पाच वर्षं दुसऱ्या कुणाला आत घ्यायचं नाही. इकडे आमचा जुना केबलवाला म्हणतो, मी पण फायबरच टाकतो, आणि बिघाड झाला तर कॉल सेंटरला नाही, मला फोन करा. ते खरंही आहे, तो दहा मिनिटांत येतो.

एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची आहे. तिथे काय मांडू? वायर न्यायची कुठून, टाकायची कुणी, आणि त्या अटीचं काय?

कटिंगचहा

पहिली सूचना. अजेंड्यात हा विषय पार्किंगच्या नंतर ठेवा. तोवर निम्मे लोक घरी गेलेले असतात.

काचतार

पुणे-चिंचवड भागात गेली अकरा वर्षं स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं काम करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी फायबर इमारतीत चालतं कसं ते. कंपनीच्या नोडवर, म्हणजे भागातल्या केंद्रावर, ओएलटी नावाचं प्रकाश सोडणारं यंत्र असतं. त्याच्या एका पोर्टमधून एक काच (आम्ही फायबरलाच काच म्हणतो) निघते, ती स्प्लिटरमध्ये जाते आणि तिथे प्रकाश वाटला जातो. १:४ (एकाचे चार), १:८, १:१६, १:३२ असे स्प्लिटर येतात. स्प्लिटरला वीज लागत नाही. आपल्याकडे घरोघरी बहुतेक जीपॉन आहे, म्हणजे असं एक पोर्ट अनेक घरांत वाटायची पद्धत. त्यात एका पोर्टला खाली येताना साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाताना १.२५ जीबीपीएस मिळतात, आणि ते त्या पोर्टवरच्या सगळ्या घरांत वाटले जातात.

तुमच्या विंगचं गणित सुरेख बसतंय. मजल्याला चार घरं, म्हणजे दर दोन मजल्यांना १:८ चा एक डबा. डबे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या मजल्यावर. चारही डब्यांना प्रकाश देणारा १:४ खाली स्टिल्टमध्ये. ३२ जागा झाल्या, २८ घरं आणि ४ शिल्लक. सगळी घरं एकाच वेळी तुटून पडली तरी प्रत्येकी ८८ एमबीपीएसच्या आसपास येतात, आणि एकाच वेळी कुणी तुटून पडत नाही. पण कंपनीला विचारा, एका पोर्टवर किती घरं टाकणार? काही जण १:६४ करून शेजारच्या सोसायटीलाही त्याच पोर्टवर बसवतात. मग रात्री नऊ वाजता रडारड.

आता प्रकाश किती उरतो ते. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, डीबी म्हणजे वाटेतली घट. ओएलटीतून समजा अधिक ३ डीबीएम निघाला. १:४ मध्ये ७ डीबी गेले, १:८ मध्ये साडेदहा. रस्त्यातली दोन किलोमीटर काच पाऊण डीबी खाते, जोड आणि कनेक्टर मिळून दीड. घरात पोहोचले उणे १७ च्या आसपास. घरातल्या डब्याची, म्हणजे ओएनटीची सहनशक्ती उणे २७ पर्यंत. म्हणजे हातात दहा डीबी आहेत. हे दहा डीबी उडवतो कोण? दाराच्या चौकटीत काटकोनात दाबलेली वायर, कपाटामागे मुडपलेली वायर, आणि बोटाने पुसलेला कनेक्टर. काम झाल्यावर प्रत्येक घरातलं रीडिंग कागदावर लिहून मागा. उणे २५ च्या खाली गेलेलं घर पावसाळ्यात तक्रार करणारच. नंतर बिघाड झाला की आधीच्या आकड्याशी ताडून बघता येतं, नाहीतर नवा पोरगा येतो आणि सरळ राउटर बदलून जातो.

आणखी एक. घरात येणारी वायर जी.६५७ प्रकारची आहे ना ते विचारा. ए२ असेल तर साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते. जुन्या साध्या काचेला ३० लागायचे.

उंबरठा

माझं काम घरूनच चालतं, म्हणून माझा प्रश्न विजेचा. आमच्याकडे दुरुस्तीच्या दिवशी सकाळी लाइट गेली की थेट दुपारी येते. घरी इन्व्हर्टर आहे, तरी नेट जातं. केबलवाला म्हणतो गच्चीवरचं मशीन बंद पडलं. फायबर घेतल्यावरही हेच होणार का?

काचतार

ताई, तुमच्याकडे खरं फायबर नसणार. बिल्डिंगपर्यंत फायबर, गच्चीवर स्विच, आणि तिथून घरात कॅट-५ ची तांब्याची वायर, असा प्रकार असेल. जाहिरातीत त्यालाही फायबरच म्हणतात. घरात आलेली वायर बघा. शेवटी टेलिफोनसारखा पारदर्शक प्लग असेल तर तांबं. हिरवं चौकोनी टोक असेल तर काच. (हिरवं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळ्या टोकाला जोडू नका, प्रकाश वाया जातो.)

काच थेट घरात आली तर इमारतीत विजेवर चालणारं काहीच उरत नाही. फक्त घरातल्या ओएनटीला वीज लागते. बहुतेकांना १२ व्होल्ट पुरतात, छोटा राउटर-यूपीएस लावला की काम झालं. सेक्रेटरीसाहेब, तुमच्या गच्चीवरचा तसला स्विच सध्या कुणाच्या मीटरवर चालतो तेही बघून घ्या.

जिन्याखालचा सेक्रेटरी

बघून आलो. कॉमन मीटरवर. तिन्ही विंगच्या गच्चीवर मिळून सहा डबे, त्यातला एक त्या धंदा बंद केलेल्या माणसाचा. पंखा अजून फिरतोय.

कटिंगचहा

श्रद्धेने चालू ठेवला असेल.

निवृत्त लाइनमन

कल्याण-डोंबिवलीत टेलिफोनच्या वायरी ओढण्यात उमर गेली, म्हणून एक सांगतो. तुमची इमारत २००४ ची, म्हणजे ०२५१ च्या लँडलाइनचा जमाना. तेव्हा बिल्डर टेलिफोनसाठी भिंतीतून वेगळी नळी टाकायचे. जिन्याखाली किंवा मीटर रूमजवळ एक लोखंडी डबा असेल, आत टेलिफोनच्या तारांच्या जोड्यांची पट्टी. तिथून प्रत्येक फ्लॅटच्या हॉलमध्ये नळी जाते. टीव्हीच्या जागेजवळ किंवा दारामागे पांढरी प्लेट असेल, बहुतेकांनी त्यावर कॅलेंडर लावलंय. आत मेलेली तांब्याची जोडी आहे. तीच तुमची ओढदोरी! खाली नायलॉनची दोरी बांधायची, वरून जोडी ओढायची. वर आली तर नळी मोकळी. पण झटका द्यायचा नाही. जोडी तुटली तर दोरीही गेली आणि नळीही गेली.

एका घरात करून बघा, मग बोला.

पागोळी

वास्तुरचनेचं काम करते, वायर कुठून न्यायची यावर बोलते.

विजेच्या डक्टमधून नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या अग्निसुरक्षेच्या भागात स्पष्ट आहे, विजेच्या केबलच्या डक्टमध्ये टेलिफोन, इंटरकॉम, गॅस, पाणी यातलं काही न्यायचं नाही. लिफ्टच्या शाफ्टमधूनही नाही. लिफ्टशी संबंध नसलेली वायर तपासणीवाला दिसताक्षणी काढायला लावेल. दोन बाथरूममधला प्लंबिंगचा डक्ट सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण तिथे दर सहा महिन्यांनी प्लंबर छिन्नी घेऊन उतरतो, आणि उंदरांचा हमरस्ता तोच.

राहिला जिन्याचा पॅसेज. तिथे सोसायटीने स्वतःचा उभा पाइप टाकावा. ५० मिलिमीटरचे दोन, प्रत्येक मजल्यावर झाकणाचा डबा. घरात जाणारी चपटी वायर दोन बाय तीन मिलिमीटरची असते. अशा २८ वायरी मिळून १६८ चौरस मिलिमीटर होतात, आणि एका पाइपच्या आतली जागा दीड हजाराच्या वर. म्हणजे तीन कंपन्या आरामात मावतात. पाइप चाळीस टक्क्यांच्या वर भरू नका, नाहीतर पुढची वायर ओढताना आधीची सोलते.

स्लॅबला भोक पाडताना कोअर कटर, म्हणजे गोल भोक कापणारं मशीन, वापरायला लावा, ब्रेकर नाही. तुळईपासून लांब, आणि आधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवून. वायर गेल्यावर प्रत्येक मजल्यावर ते भोक फायर सीलंटने बुजवायचंच. उघडं राहिलं तर खालच्या मजल्यावरच्या धुराला ते धुराडं होतं. हे काम सगळे विसरतात, कारण तोवर नेट चालू झालेलं असतं. केबल जळताना कमी धूर सोडणारी, हॅलोजन नसलेली मागा.

फ्रँकफुर्टी

मूळचा ठाण्याचा. तुमच्या त्या पाच वर्षांच्या अटीवर लिहितो. इथे जर्मनीत वर्षानुवर्षं केबल टीव्हीचा करार घरमालक करायचा आणि पैसे भाडेकरूच्या इतर खर्चात लावायचा. टीव्ही असो नसो, भरा. १ जुलै २०२४ पासून हे बंद झालं. तोवर कंपनीला गिऱ्हाईक टिकवायची गरजच नव्हती, गिऱ्हाईक भिंतीसकट मिळायचं. अमेरिकेतही एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये कंपन्यांना बहुमजली इमारतींच्या मालकांशी उत्पन्नवाटपाचे एकाधिकारी करार करायला मनाई केली. सोसायटीला मिळणारी ती वार्षिक रक्कम शेवटी तुमच्याच ८४ घरांच्या बिलातून येणार आहे.

उंबरठा

शंभर टक्के. माझ्या आईच्या सोसायटीत असा करार आहे. एकदा सलग अकरा दिवस नेट नव्हतं, आणि दुसऱ्याला आत यायला बंदी. आईला यूट्यूबवरचं कीर्तन लागतं रोज. अकरा दिवस ती शेजारणीच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होती.

जिन्याखालचा सेक्रेटरी

मग एक मोठा प्रश्न. सोसायटीनेच सगळं फायबर टाकलं तर? प्रत्येक घराला दोन काचा, खाली एक पॅनेल, जी कंपनी येईल तिने खाली जोडून द्यायचं. आमचे खजिनदार याच मताचे आहेत. सिंकिंग फंडाकडे बघू नका असं त्यांना सांगितलंय.

काचतार

कागदावर हीच सगळ्यात देखणी पद्धत आहे. नवीन टॉवर असेल आणि मोठं मॅनेजमेंट असेल तर जरूर करा. पण ८४ घरांच्या जुन्या सोसायटीत मी करू नका म्हणेन, त्याचं कारण सांगतो. रात्री साडेआठला पाचव्या मजल्यावर ओएनटीवर लाल दिवा लागला, म्हणजे प्रकाश येईना. कंपनीचा पोरगा खालच्या पॅनेलवर प्रकाश मोजायचा पॉवर मीटर लावणार, रीडिंग बरोबर आलं की म्हणणार, आमच्याकडून ठीक आहे, वरची वायर तुमच्या सोसायटीची. आणि निघून जाणार. मग काच जोडायचं मशीन घेऊन तुमच्याकडे कोण येणार? वॉचमन?

पाइप सोसायटीचा ठेवा, काच ज्याची त्याची. पाइपला बिघडण्यासारखं काही नसतं, आणि पाइप तुमचा असला की दार तुमचं. कंपनीने वाईट सेवा दिली तर तिची वायर काढून त्याच वाटेने दुसऱ्याची.

पागोळी

सहमत. शिवाय पाइप म्हणजे एकदाचा खर्च, आणि तो सभेत समजावता येतो. स्प्लायसिंग सभेत समजावून दाखवा बरं.

तिसरा मजला क विंग

आमच्याकडे सगळे म्हणतायत वायरच नको, फाइव्ह जीचा डबा लावा. तसं का नाही?

काचतार

एकट्यादुकट्याला चालेल. पण टॉवर दिसत नाही अशा आतल्या चौकाकडच्या खालच्या मजल्यांचं काय? आणि त्या डब्याचा बाहेरचा भाग पुन्हा गच्चीवर किंवा खिडकीलाच ठोकतात, आतपर्यंत वायर येतेच. सेक्रेटरींचा रंग परत गेला.

जिन्याखालचा सेक्रेटरी

मंडळी, काल रविवारी प्रयोग केला. लाइनमनकाका, तुमचे पाय धरायला हवेत.

जिन्याखाली सायकलींच्या मागे खरंच लोखंडी डबा निघाला. झाकण गंजलेलं, आत पालीची दोन अंडी आणि एका खिळ्याला लटकवलेली बिल्डरच्या काळातली चिठ्ठी. फ्लॅट नंबर आणि जोडीचा नंबर, निळ्या शाईत, अजून वाचता येतं. त्या अनोळखी माणसाने पुढच्यासाठी एवढं लिहून ठेवलं, आणि आम्ही मागच्या महिन्यात टाकलेल्या सीसीटीव्हीच्या वायरींवर एक आकडा नाही.

२०३ मध्ये पांढरी प्लेट टीव्हीच्या युनिटमागे होती. उघडली तर आधी प्लॅस्टरची माती सांडली, मग एक झुरळ, मग जोडी. खाली वॉचमनने दोरी बांधली. वरून ओढायला मी आणि आमचा इलेक्ट्रिशियन. पहिले चार हात सहज आली, मग अडकली. त्याने वायर सैल सोडली, खालून थोडी मागे घ्यायला लावली, परत हलकेच. दोनदा तसं केल्यावर करकर आवाज करत दोरी वर आली. वहिनींनी चहा टाकला.

दिवसभरात ब विंगच्या २८ पैकी बंद नसलेल्या २४ घरांत बघितलं. १७ नळ्या मोकळ्या. चार घरांत नूतनीकरणात प्लेटच टाइल्सखाली गेलीये. तीन ठिकाणी जोडी तुटली. त्यातल्या एका घरचे गृहस्थ आता म्हणतायत माझा लँडलाइन तुम्ही बंद पाडला. तो २०१२ पासून बंद आहे.

निवृत्त लाइनमन

१७ म्हणजे उत्तम. उरलेल्यांना पॅसेजमधून दारावरून पट्टी न्या. दोरी नळीत तशीच ठेवा, आणि वायर ओढणाऱ्याला सांगा की वायरबरोबर नवी दोरी पण आत सोड. पुढच्या माणसाला लागेल.

उंबरठा

त्या टीव्हीमागच्या प्लेटबद्दल सावध करते. फायबर तिथे आलं की ओएनटी आणि वायफाय पण तिथेच, टीव्हीच्या मागे, लोखंडी स्टँडआड. आरसीसीच्या भिंतीपलीकडे पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल दम तोडतो. आमच्याकडे हॉलमध्ये ३०० एमबीपीएस येतात आणि मागच्या बेडरूममध्ये २०. लोक फायबरला शिव्या घालतात, दोष वायफायच्या जागेचा. नूतनीकरण चालू असलेल्या घरांना आत्ताच सांगा, हॉलपासून बेडरूमपर्यंत कॅट-६ ची नेटवर्क वायर टाकून ठेवा.

काचतार

आणि विंग ते विंग तांब्याची वायर हवेतून असेल तर आधी ती काढा. परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा एका सोसायटीत अशाच वायरीने दोन्ही टोकांचे स्विच आणि सात घरांचे राउटर जाळलेले मी बघितलेत. काचेतून वीज येत नाही. मात्र वायरीला आधाराची लोखंडी तार असेल तर हवेतून नेऊ नका. जमिनीखालून नेताना चेंबरमध्ये चिलखती केबल. घुशीला काच आणि तांबं यातला फरक कळत नाही.

जिन्याखालचा सेक्रेटरी

एजीएमसाठी मसुदा असा केलाय. तिन्ही विंगच्या जिन्यात सोसायटीच्या खर्चाने प्रत्येकी दोन पाइप. परवानाधारक कुठल्याही कंपनीला त्याच वाटेने येता येईल, एकाधिकार कुणालाही नाही. काम करण्याआधी डब्यांच्या जागेचा नकाशा, नंतर घरटी रीडिंग, प्रत्येक वायरीवर दोन्ही टोकांना फ्लॅट नंबर. सेवा बंद केली तर तीस दिवसांत स्वतःची वायर आणि डबा काढून न्यायचा, त्यासाठी अनामत रक्कम. गच्चीवरचे जुने डबे दिवाळीपर्यंत उतरवायचे. कोअर कटिंग पाऊस संपल्यावर.

मोठ्या कंपनीच्या माणसाला एकाधिकाराशिवाय येता का विचारलं. म्हणाला वरिष्ठांशी बोलतो. दोन दिवसांनी फोन आला, येतो. फक्त ऑफिसचं फुकट कनेक्शन गेलं. केबलवालाही येतोय. त्याने विचारलं, अनामत हप्त्याने चालेल का. मी हो म्हटलं, दहा मिनिटांत येणारा माणूस हातचा घालवायचा नाही.

फ्रँकफुर्टी

पाइप वापरण्याचं भाडं घेणार का?

जिन्याखालचा सेक्रेटरी

खजिनदारांना घ्यायचंय. पण ते सभासदांकडून नाही, बाहेरून आलेलं उत्पन्न ठरतं आणि त्यावर कर लागतो, असं आमच्या सीएंनी सांगितलं. मग त्यांचा उत्साह मावळला.

पागोळी

ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीवरून स्टार रेटिंग द्यायचे नियम काढलेत. जुन्या सोसायटीला त्याची सक्ती नाही, पण तुमचा नकाशा आणि रीडिंगचे कागद जपून ठेवा. घर विकताना लोक हल्ली पाण्याच्या आधी नेटचं विचारतात. आणि पाइपला भिंतीचाच रंग द्या, रंगाचा कोड पेंटरकडून आत्ताच घ्या.

कटिंगचहा

पुढच्या एजीएमचा विषय क्रमांक सात : जिन्यातले पाइप भिंतीपेक्षा फिके का दिसतात.